धोंड्याच्या महिन्याची बारी

माझ्या सासूबाई बारीने राहायच्या. तीन मुलं, तिघांची घरं एकाच गल्लीत, आणि दर अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी त्यांचा मुक्काम हलायचा. भाऊ वेगळे निघाले तेव्हा पंचांनी धानाच्या बांध्या वाटल्या, बैल वाटले, मोहाची झाडं वाटली आणि शेवटी आईला वाटलं. एक महिना मोठ्याकडे, एक मधल्याकडे, मग आमच्याकडे. तलावाखालची एक बांधी तेवढी तिच्या खर्चासाठी वेगळी ठेवली. आमच्याकडे असंच चालतं, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा मलाही वाटलं नव्हतं.

बारी बदलायच्या दिवशी सासूबाई सकाळीच आंघोळ करून तयार असायच्या. गाठोडं, पितळी लोटा आणि पानाचा डबा त्या स्वतः उचलायच्या, खाट मुलगा डोक्यावर घ्यायचा. चार घरं ओलांडून जायचं, पण जाताना सगळ्या गल्लीचा निरोप घेत जायच्या. जिच्या घरून निघाल्या त्या सुनेची कागाळी जिच्या घरी पोचल्या त्या सुनेला सांगायच्या, आणि महिन्याने माझी पुढच्या घरी. मला सगळं कळायचं. मी नर्सबाई, उपकेंद्रात नोकरीला, सायकलवरून लसीकरणाला हिंडणारी. माझ्याबद्दल त्यांची एकच तक्रार, की भात मोकळा करते.

मग एका वर्षी धोंड्याचा महिना आला.

पंचांनी वर्षाचे महिने वाटले होते बारा. तिघांना चार-चार, हिशेब चोख. तेरावा महिना कोणाचा हे विचारायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि आला तेव्हा तीन सुना आपापल्या दारात उभ्या. मोठी म्हणाली, मी माझा महिना केला. मधली म्हणाली, माझी बारी निज महिन्याची, अधिकाची नाही. आमचं तर नावच नव्हतं, पण मीही दारात उभी होतेच, कारण माझी ड्यूटी आणि तान्हा मुलगा. त्याच आठवड्यात मोठ्या दोन्ही घरी जावयांना बोलावणी गेलेली. धोंड्याच्या महिन्यात जावयाला ताटभर वाण द्यायचं, पाय धुवायचे, आणि घरची म्हातारी मात्र गल्लीच्या मधोमध स्वतःच्या खाटेवर गाठोडं धरून बसलेली.

"मी का धानाचं पोतं आहो?" त्या एवढंच म्हणाल्या. "कायले भांडून राहिल्या व? ठेवा न कुठंबी."

शेवटी आमच्या ह्यांनी खाट उचलली आणि आमच्याकडे आणली. महिना आमच्याकडे निघाला. पण ती खाटेवरची बाई माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही. त्याच दिवशी मी मनाशी पक्कं केलं की माझी बारी कोणी लावायची नाही. मी कोणाच्या वाट्याला येणार नाही.

आणि मी काही नुसती ठरवून बसणारी बाई नाही. पोस्टात आवर्ती ठेव सुरू केली. पगार झाला की आधी पोस्ट, मग किराणा. मैत्रिणी साड्या घ्यायच्या, मी त्यांच्या साड्यांना बोट लावून बघायचे आणि चांगल्या आहेत म्हणायचे. तालुक्याला, गोंदियाजवळच्या गोरेगावला, दोन खोल्यांचं घर बांधलं, बोअर मारली. शेत ठेक्याने दिलं. मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला निघाला तेव्हा गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर मी त्याला ठासून सांगितलं, "माझी काळजी करू नको. मी तुझ्या घरी बारीनं राहाले येणार नाही. माझं माझ्यापाशी आहे." त्याचे वडील बाजूला उभे होते. ते म्हणाले, "पोराला गाडीत तर बसू दे." मुलाने मान हलवली. तो लहानपणापासून शहाणा; एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

हे गेले, मी निवृत्त झाले, शाल-नारळ मिळाला. सगळे म्हणाले, आता आराम करा. पहिलं वर्ष मी खरंच आराम केला. मनाला येईल तेव्हा उठायचं, मनाला येईल ते रांधायचं, बाजारच्या दिवशी उगाच दोन चकरा मारायच्या. पेन्शन वेळेवर येत होती. कोणापुढे हात नाही, कोणाचं ऐकून घेणं नाही. मला वाटायचं, बाई, जिंकलीस.

माझ्या शेजारणीची गंमत सांगते. तिला दोन मुलं, एक देवरीला, एक नागपूरला, आणि ती अजून बारीने राहते. पिशवी भरायला लागली की कुंपणाशी येऊन कुरकुर सुरू. "फुटबॉल करून ठेवला बाई माझा. इकडून लाथ, तिकडून लाथ. नागपूरवाली म्हणते लवकर या, देवरीवाली म्हणते एवढ्यात काऊन जाता. तुमचं बरं आहे, नर्सबाई. कोणी बोलावत नाही, कोणी हाकलत नाही." आधी मला तिची कीव यायची. मग एकदा लक्षात आलं की ती कुरकुर करत नाही, ऐट दाखवते आहे. आणि मला तिचा हेवा वाटतो आहे. चांगलाच, पोटात दुखेल इतका हेवा.

तेव्हापासून सासूबाई वेगळ्या आठवायला लागल्या. अमावास्या जवळ आली की आमचा मुलगा विचारायचा, आजी कधी येणार? त्या आल्या की त्याच्या टाळूवर तेल थापायच्या, मधल्या घरच्या कोंबडीने कुठे अंडं घातलं तेही सांगायच्या. त्यांच्या बारीच्या आदल्या दिवशी मी कपाळाला आठ्या घालून खोली झाडायचे. पण झाडायचे. त्या येणार म्हणून त्या गल्लीत एक घर नेहमी झाडलेलं असायचं. माझ्यासाठी पुण्यात कोणी खोली झाडत नव्हतं, आणि का झाडेल? मीच बजावून ठेवलं होतं.

मुलगा फोन करायचा, चांगला करायचा. जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का. पण 'ये' म्हणायचा नाही. मी वाट बघायचे की एकदा म्हणेल, आई, चार दिवस येऊन राहा. मी आधी नाही म्हणेन, मग दुसऱ्यांदा म्हणेल तेव्हा बघू म्हणेन, तिसऱ्यांदा पिशवी भरेन. असं सगळं मनात ठरलेलं. त्याने पहिल्यांदाही कधी विचारलं नाही.

यंदा मंडईला तो आला. दिवाळी झाली की आमच्या गावागावांत मंडई भरते, दुकानं लागतात, पाहुण्यांनी घरं भरतात. सून आणि नात पण आल्या. मी तांदळाच्या पिठाचे आयते केले, तव्यावरून थेट ताटात, आणि बोडीतल्या, म्हणजे शेततळ्यातल्या मासोळ्यांचा रस्सा. नात आधी काटे बघून रडली, मग वाडगाभर प्याली. जुन्या गल्लीत गेलो तर चुलत भावांच्या घोळक्यात माझा मुलगा कौतुकाने सांगत होता, "आमच्या आईचं आम्हाला अजिबात टेन्शन नाही. तिनं सगळं आधीच करून ठेवलंय." चुलत भाऊ म्हणाला, "नशीबवान आहेस भाऊ. आमच्या घरी तर सासू-सुनेची रोज कुस्ती." सगळे हसले. मीही हसले. त्या वेळी मला त्या कुस्तीत उतरायची फार इच्छा झाली.

विचारावं कसं? मला आडून बोलता येत नाही, कधी जमलंच नाही. उपकेंद्रात येणाऱ्या बायांना मी तोंडावर सांगायचे, आता दोन पोरं पुरे. पण स्वतःसाठी मागायची वेळ आली तर जीभ टाळूला चिकटली. सून भांडी विसळत होती, तिला विचारलं, "पुण्याला थंडी कशी असते?"

"आत्ता छान असते आई."

"तुमच्या दुसऱ्या खोलीत काय ठेवलंय?"

"माझं ऑफिसचं टेबल आणि हिची सायकल."

"टेबल मोठं आहे?"

"नाही, मध्यम आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुढे काय बोलणार? टेबल मध्यम आहे हे कळलं. मी तिला म्हटलं, राहू दे, भांडी मी विसळते.

ती तिघं पुण्याला परतली आणि घर सुनं झालं. सुनं म्हणजे असं, की नातीने भिंतीवर खडूने काढलेलं मांजर पुसायला घेतलेलं फडकं मी तसंच परत ठेवलं. दोन दिवस धड रांधलं नाही. कशासाठी एवढं जमवलं, असंही मनात आलं, आणि ते मनात आल्याचा राग आला. पैसा वाईट नाही. त्या खाटेवर बसण्यापेक्षा पैसा केव्हाही बरा, हे मी आजही म्हणेन. पण पोस्टात ठेवलेलं पोस्टातून परत मिळतं, एवढंच. तव्यावरचा पहिला आयता कोणाच्या ताटात टाकू, याचं उत्तर तिथं मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल वाजला. मुलाने पैसे पाठवले होते. पाठोपाठ त्याचा निरोप: 'आई, ही म्हणाली तू खोलीबिलीची चौकशी करत होतीस, काही अडचण असेल तर लाजू नकोस. दर महिन्याला पाठवत जाईन.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला पोसायला निघालं होतं, आणि तेही लांबूनच. मी लगेच फोन लावला. तो ऑफिसला निघाला होता, मागे गाड्यांचे आवाज.

"पैसे कोणी मागितले?"

"अगं आई, मला वाटलं—"

"तुझ्यापेक्षा जास्त आहेत माझ्यापाशी. पाहिजे तर तुला पाठवते." माझा आवाज चढला आणि मध्येच फुटला. मला काही तो थांबवता आला नाही. "पैसे नको मला. माझी बारी लाव."

"काय?"

"बारी. तुझ्या आजीची लावत होते तशी. तुझ्या घरी. टेबल राहू दे, मी सायकलच्या बाजूला झोपते."

गाड्यांचे आवाज कमी झाले. कुठेतरी कडेला थांबला असावा. मला वाटलं, आता हसेल. मी इतकी वर्षं ज्या ताठ्याने बोलले त्यानंतर कोणीही हसलं असतं.

बोलला तेव्हा तो पुण्याचं मराठी विसरला होता. "काऊन व माय," तो म्हणाला, "आधी काऊन नाही सांगितलं? मी तर दर मंडईले विचारीन विचारीन म्हणून राहिलो. मले वाटे, विचारलं तर तुले राग येईन. तूच तर म्हणे, कोणाच्या घरी येणार नाही."

"म्हटलं होतं."

"मग?"

"मग काय? म्हटलं होतं."

मी ओट्यावर बसले. मला रडू येत होतं आणि त्याला ते ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन पोटाशी धरला. परत कानाला लावला तेव्हा तो विचारत होता, "कधीचं तिकीट काढू? पुढच्या महिन्याचं पाहू का, आरामात?"

निदान पहिल्यांदा तरी नाही म्हणायचं मी किती दिवसांपासून घोकून ठेवलं होतं.

"उद्याचं भेटून राहिलं का पाह्य," मी म्हटलं.