आठ महिने रिफंड कुठे अडला, ते आज सापडलं

मंडळी, ओरोसहून आचऱ्याला परततेय, एसटीत बसूनच लिहितेय. डोकं फिरलंय.

आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. म्हणून माझ्या आधारला मालवणात राहणाऱ्या माझ्या मोठ्या भावाचा नंबर. माझा रिटर्नही दादाच भरतो. ठेवीवर कापलेल्या कराचा रिफंड आठ महिने आला नाही. विचारलं की दादाचं एकच, "बाय, इन्कमटॅक्सच्या साहेबाक फोन केलंय. वेळ लागतलो." आणि मी सरकारला शिव्या घालत बसले.

आज स्वतःच सेवा केंद्रात गेले. तिथल्या मुलीने स्क्रीन दाखवली. "मॅडम, रिटर्न भरलाय, पण तुमची पडताळणीच झालेली नाही, म्हणून रिफंड अडलाय. ओटीपी आधारच्या नंबरवर जातो, तो कुणी टाकलाच नाही. आता मुदतही संपली."

तिथूनच दादाला फोन लावला.

"इल्लो गो ओटीपी. टाकूचो रवलो. मगे तुका सांगूक लाज वाटली."

ओटीपी आला आणि टाकायला विसरलास, ते मी माफ केलं असतं, दादा. पण मग तू फोन करत होतास तो साहेब कोण?

आधारला माझा नंबर लावायला देऊन आलेय. आता ओटीपीसाठी दरवेळी घरामागच्या उंच कातळी सड्यावर चढावं लागेल, रेंज तिथेच मिळते. चढेन.

तुमच्या आधारला कुणाचा नंबर आहे?