मोर्चाचा चहा

नगरपालिकेत फायली साचतात असं लोक म्हणतात. खोटं नाही! पण फायलींपेक्षा जास्त साचतात ते किस्से, आणि त्यांचा निपटारा कुठलाच साहेब करत नाही. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर. चार मित्र जमले की माझ्याकडून एखादा तरी बाहेर पडतोच.

आमचं गाव कसं वाढतंय बघा. एका गृहस्थानं रस्त्याच्या दिव्यासाठी अर्ज दिला. जागा बघायला गेलो, तर चहूकडं उभा कापूस!

"घर कुठंय?"

"साहेब, तुमचा खांब येईस्तोवर घर होतंय की!"

आम्ही चिडलो. त्याला खोटं पाडायचं म्हणून खांब लगेच उभा केला. पुढं कितीतरी दिवस आमचा दिवा कापसावर उजेड पाडत होता. आज तिथं अख्खी वस्ती आहे, मंगल कार्यालयासकट!

पण त्या वस्तीला नळ नव्हता. टँकर यायचा, तोही त्याच्या मर्जीनं. मग बायका रिकामे हंडे घेऊन नगरपालिकेवर मोर्चा काढायच्या. पुढं कौसामावशी. लेकरांच्या शाळेपायी ऊसतोडीला जाणं सोडून त्यांनी तिथं घर बांधलेलं.

मोर्चा आला की आमचा शिपाई रज्जाकभाई आधी गेट लावायचा, मग चहाचं आधण ठेवायचा. घोषणा संपल्या की गेट उघडून मोर्चाला चहा! ही आमच्याकडची रीतच. सगळ्याजणी घ्यायच्या, कौसामावशी सोडून.

"आमच्या नळाला पाणी येईस्तोवर तुमच्या हापिसातला घोट घेणार न्हाई!"

त्यांचा भरलेला कप परत जाताना बघून मला दर वेळी वाईट वाटायचं.

पाइपलाइन मंजूर झाली, पण नगरपालिकेला आपला हिस्सा भरायचा होता आणि घरपट्टी कुणी भरेना. मुख्याधिकारी मॅडम म्हणाल्या, "थकबाकीदारांच्या दारात हलगी वाजवा. सुरुवात आपल्याच माणसांपासून!"

पहिली हलगी एका माजी नगरसेवकाच्या दारात कडाडली. गडी इस्त्रीचा सदरा घालून, हात जोडून बाहेर! "मिळालं का तिकीट मला?"

वसुली आहे म्हटल्यावर गल्ली हसून बेजार. त्यांनी तिथल्या तिथं चेक लिहून दिला आणि हलगीवाल्याला म्हणाले, "आता शेजाऱ्याकडं चल. मी दाखवतो घर!"

दुसऱ्या दिवशी घरपट्टीच्या खिडकीवर ही गर्दी!

चर खोदायला घेतला, तर प्रत्येकाचा ओटा रस्त्यात आलेला. नोटिसा दिल्या, कुणी हलेना. कौसामावशींचा ओटा सगळ्यात पुढं! मी भीत भीत गेलो, तर त्या हातात पहार घेऊनच बाहेर आल्या. मी मागं सरकलो. त्यांनी स्वतःच्याच ओट्यावर घाव घातला.

"बघायलाव काय, इंजिनेरसाहेब? पाइप आणा!"

मग बाकीच्यांना घरात बसवेना. संध्याकाळपर्यंत गल्ली मोकळी. असल्या माणसांच्या गावात नोकरी केली याचा मला आजही अभिमान वाटतो.

आता एकच धाकधूक. वस्ती उंचावर, तिथं पाणी चढेल का? ज्या सकाळी व्हॉल्व्ह उघडला, नेमकी त्याच वेळी परभणीच्या साहेबांची ऑनलाइन मीटिंग. मी ऑफिसात मॅडमशेजारी बसून होतो, पण कान वस्तीवरून येणाऱ्या फोनकडं. फोन काही येईना.

तेवढ्यात रज्जाकभाई धावत आला. "साहेब, मोर्चा यायलाय! लय बाया हायत, हंडे घेऊन!" सवयीप्रमाणं त्यानं गेट लावूनही टाकलं होतं.

म्हणजे पाणी चढलं नाही! मॅडम मीटिंग तशीच सोडून उठल्या, आणि आम्ही दोघं गेटवर गेलो.

आज घोषणा नव्हत्या. कौसामावशी पुढं उभ्या होत्या. डोक्यावर हंडा, आणि पदर ओलाचिंब.

"रज्जाक, गेट उघड," त्या म्हणाल्या. "आन चहा टाक. पाणी म्या आणलंय!"