ओला गाल

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. खिडकीजवळच्या कॅनव्हाससमोर उभं राहून पेंटर चित्रातल्या गालाला करंगळी टेकवतात. बोटाला रंग लागतो.

चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पाटीचा रंग आज लावला की उद्या वाळतो. त्रेसष्टाव्या वर्षी ते एका निवृत्त चित्रकला मास्तरांकडे तैलरंग शिकायला गेले, ते एकाच कामासाठी. बायकोला डॉक्टरांनी दोन महिने दिले होते, आणि तिचा चेहरा त्यांना स्वतःच्या हाताने काढायचा होता.

मास्तरांनी बजावलं होतं, पहिला थर टर्पेंटाइनने पातळ करा, तेल नंतर, तेही जपून. पण सवय हाडीमाशी खिळलेली. न चमकणारी पाटी गिऱ्हाईक परत पाठवतं. पेंटरांनी पहिल्याच थरात जवसाचं तेल सढळ हाताने घातलं. चेहरा चमकला, वाळेना. ओल्यावर डोळे काढाल तर चिखल होईल, मास्तर म्हणाले, थांबा.

बायको रोज अर्धा तास खिडकीशी खुर्चीत बसायची. थांबायचं कळल्यावर म्हणाली, "अहो, तुमचा रंग वाळेपर्यंत मीही थांबायचं का?"

"आठच दिवस," ते म्हणाले.

सहाव्या दिवशी तिला उठवेना. नवव्या दिवशी ती गेली. त्याला आज सतरा दिवस झाले.

चित्रात केस आहेत, कपाळ आहे, खालचा ओठ किंचित पुढे आहे. डोळ्यांच्या जागी दोन सपाट तपकिरी डाग. फोटोवरून काढावेत, तर फोटो काढताना ती हटकून डोळे मिटायची.

काल लेकीने विषय काढला. "माझे डोळे आईचे आहेत असं तुम्हीच म्हणता ना, बाबा? मी बसते."

"डोळे तिचेच आहेत. पण तू माझ्याकडे तिच्यासारखं बघत नाहीस."

"ती कसं बघायची?"

पेंटरांनी ब्रश पुसला. "माझी चूक सापडल्यासारखं."

लेकीने चित्राकडे आणि वळून त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चूक तर मलाही दिसतेय."

डोळे आधी कागदावर पेन्सिलीने काढायचे ठरलं आहे. लेकीची बस सव्वासातची. उद्या साडेसहा ते सात ती त्या खुर्चीत बसेल. त्याआधी, सहा वीसला, पेंटर गालाला करंगळी लावून बघतील.