अकोल्याची एकच लाइन

“हं, तुमी जिलबीपाशी होते,” असं म्हणून बाई मधेच तोडलेला फोन पुन्हा जोडून द्यायच्या.

अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. कोणी फोन उचलला की समोरच्या बोर्डावर त्याच्या नंबराची छोटी पत्र्याची झडप खट्‌कन खाली पडायची. हातातलं काम टाकून आधी तिच्याकडे बघायचं, हीच आमची नोकरी. पण झडपा सगळ्या सारख्याच पडतात. निकड कोणाची खरी, ते बाई ठरवायच्या. गावातल्या प्रतिष्ठितांचं तर सगळंच तातडीचं. एका बड्या वकिलांना अकोल्याचे व्याही नेहमी ‘अर्जंट’ लागत, आणि वाद असायचा पंगतीत बुंदी की जिलबी एवढाच.

तुटलेला माणूस कुठल्या शब्दावर होता, हे बाईंना कसं कळायचं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. “कान हायेत मले,” म्हणाल्या.

एका दुपारी वकीलसाहेब असेच पंगतीत रमले होते. तेवढ्यात एका डॉक्टरांची झडप पडली. मळ्यात भाजी तोडणाऱ्या बाईला साप चावला होता, त्यावरचं औषध अकोल्यातच होतं, आणि अकोल्याची लाइन एकच. बाईंनी वकिलांना सांगितलं, “साहेब, जिलबी थांबन. बाई नाही थांबनार.” आणि तोडलं.

औषध मोटारीने आलं. त्यामागोमाग वकिलांची तक्रार गेली.

चौकशीला नागपूरहून साहेब आले. कोणत्या नियमाने तोडलंत, असं विचारत ते बाईंना बेजबाबदार म्हणाले. तेवढ्यात झडप पडली. बाई वळल्या, नंबर जोडला, परत येऊन अदबीने उभ्या राहिल्या. “हं साहेब, तुमी बेजबाबदारपाशी होते.”

मी भिंतीकडे तोंड केलं.

साहेबांना नियम सापडला नाही, शिक्षा मात्र सापडली. बाईंची अकोल्याला बदली झाली. ज्या लाइनवर गुन्हा घडला, तिच्याच दुसऱ्या टोकाला त्यांना बसवून सरकारने काय साधलं, देव जाणे.

महिन्याभराने एक बाई लंगडत एक्स्चेंजच्या दारात आली. टोपलीत वांगी होती. फोनवाल्या बाई कोणत्या, असं तिने विचारलं. त्या आता अकोल्याला असतात, म्हटल्यावर ती रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मी अकोला जोडलं आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावला. तिने आयुष्यात पहिल्यांदाच तो धरला होता.

“बाई, मी जित्ती हाओ,” ती म्हणाली.

बराच वेळ ती ऐकत उभी राहिली. मग गोंधळून माझ्याकडे वळली.

“कोनी बोलून नाही राहिलं. त्या हायेत ना तिथं?”

मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे कोणीतरी नाक ओढत होतं.

“आहेत,” मी म्हटलं.