डोकरीसाठी बांधलेली झोळी

आमच्या चर्चच्या मंडळीतली काही माणसं सातपुड्यात सेवेला निघाली, तेव्हा सगळ्यांत आधी पिशवी भरून मी बसले होते. काम दोन-तीन दिवसांचंच. धडगावकडच्या एका गावात, शाळेच्या वर्गात म्हाताऱ्यांचे डोळे तपासायचे आणि सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करायची. पण आमच्या म्हसावद गावभर मी असं सांगत फिरले, जणू समुद्रापलीकडं चालले! तसा मुलूख परकाच म्हणा. तिथं पावरी बोलतात, देव त्यांचे वेगळे, आणि माझ्याजवळ आपली अहिराणी अन् चर्चमधली मराठी, एवढीच शिदोरी.

सून म्हणाली, "आई, तुम्हना गुडघासले इचारं का?"

मी म्हटलं, "प्रभूले इचारं शे."

शेवटच्या दिवशी एक बाप्या शाळेत आला. त्याच्या आईला दिसेनासं झालं होतं, नुसता उजेड-अंधार कळायचा. तिला आणायला त्यानं झोळी बांधून ठेवली होती. झोळी म्हणजे बांबूला घोंगडी बांधायची, आजाऱ्याला आत घालायचं आणि चौघांनी खांद्यावर घेऊन डोंगर उतरायचा. पण डोकरी, म्हणजे ती म्हातारी, बसेना. तिचा नवरा असाच झोळीतून खाली गेला होता, तो परत आला नाही. इकडं डॉक्टर तर दिवस मावळायच्या आत निघणार, पुन्हा कधी येणार ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

"बाईला बाईच समजावते," मी पदर खोचला.

पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, चढ आहे हं."

"असू द्या हो साहेब, दोन गल्ल्या चालले की झालं!"

गल्ल्या! तिथं प्रत्येक घर आपापल्या टेकडीवर, आपापल्या शेतात. डोकरीच्या लेकानं बोट दाखवलं ते छप्पर हाकेवर दिसत होतं. नाला उतरलो, चढलो, तरी ते आपलं तिथंच.

पोचले तर डोकरी अंगणात बसून चाचपत मक्याची कणसं सोलत होती. तिची सून शाळा शिकलेली, मराठीचं पावरी करून सांगणारी. मी श्वास लागला तरी उभ्यानंच भाषण सुरू केलं. भिऊ नको, देव सोबत आहे, झोळी म्हणजे काय, कापडच की! माझं एवढं लांबलचक बोलणं सुनेनं दोन शब्दांत उरकलं. मग डोकरीचा हात धरावा म्हणून मी खाली बसले आणि गुडघ्यात कट्कन वाजलं. उठताच येईना. मी बोंबललेच.

डोकरी काहीतरी बोलली. तिची सून तोंडाला पदर लावून म्हणाली, "म्हणते, हिलाच घाला झोळीत."

"नको, नको! मी चालते!" मी म्हटलं. आणि तो बांबू दोन्ही हातांनी लांब ढकलला.

"म्हणते, आत्ताच सांगत होती ना, भिऊ नको म्हणून?"

लेकानं आणि झोळीसाठी जमलेल्या तिघा बाप्यांनी घातलं मला. उचलताना चौघं आपसात हसले. सुनेनं तेही न विचारता सांगितलं, "म्हणतात, आमची डोकरी हलकी होती."

झोळी पहिल्या वळणावर हेलकावली, तशी मी डोळे मिटून प्रभूचा धावा सुरू केला. चर्चमध्ये एवढ्या कळवळ्यानं कधी प्रार्थना केली नसेल. तो आवाज वर अंगणात पोचला असावा. डोकरीनं हाक मारून झोळी थांबवली. सुनेचा हात धरून आली आणि बांबू घट्ट पकडला.

"म्हणते, मी सोबत येते. ही एकटी घाबरते."

त्या बांबूच्या आधारानं ती अख्खा डोंगर उतरली. मी हाय हाय केलं की माझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि काहीतरी पुटपुटायची. नातवाला सुई टोचताना मी जे बोलते, तेच असणार.

शाळेशी पाळकसाहेब धावत आले. "मावशी, पेशंट कुठंय?"

मी झोळीतूनच बोट दाखवलं.

तपासल्यावर मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, आत्ताच जीपमध्ये बसवा, शहाद्याला ऑपरेशन करू. डोकरीनं विचारलं, ती घाबरट बाई बसणार आहे का? बसणार म्हटल्यावर माझा पदर धरून शेजारी बसली, पलीकडून सून.

पट्टी सोडली त्या दिवशी मी गुडघ्याला पट्टा बांधून, काठी टेकत भेटायला गेले. माझी सून सोबत होती, तिला तर ही डोकरी बघायचीच होती. डोकरीनं मला पायापासून डोक्यापर्यंत निरखून पाहिलं आणि आपल्या सुनेला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मी मोठ्या आशेनं विचारलं.

"म्हणते, ही तर माझ्याहून तरणी दिसते. मग चालली का नाही?"