पाचांतला एक मणी

बुधवारी सकाळी यमुताईनं संग्रहालयाच्या फाटकाशी बादली टेकवली, वर पाहिलं, तर तिच्या मायचा मणी परातीएवढा होऊन भिंतीवर लटकत होता.

खोटं नाही सांगत. शनिवारपासून प्रदर्शन सुरू व्हायचं होतं, त्याचं भलंमोठं पोस्टर रात्रीतून लागलेलं. ‘मातीखालचा भारत : देशभरातल्या उत्खननांतले शोध’ असं वर लिहिलेलं आणि मधोमध एक लाल दगडी मणी, त्यावर पांढरी रेघ, डाव्या कडेचा टवका उडालेला. तो टवका यमुताई सात जन्मांत विसरली नसती. लहानपणी तिनंच तो मणी जात्यावर ठोकला होता आणि मायच्या हातचा सपाटून मार खाल्ला होता. ती तिथंच पायरीवर बसली.

आता ही यमुताई कोण ते सांगायला हवं. काटोलकडच्या एका खेड्यातली बाई, माहेर-सासर दोन्ही तिकडचंच. नवरा गेल्यावर लेकाकडे कोराडीला आली. रोज सकाळी बसनं शहरात यायचं, उतरल्यावर आधी पदरावरची कोराडीच्या वीजकेंद्राची राख झटकायची आणि मग संग्रहालयात झाडू-पोछा करायचा, असा नऊ वर्षांचा शिरस्ता. नोकरी मात्र ठेकेदाराची, दर वर्षी नव्या कागदाची. तो कागद येत्या एक तारखेला नवा व्हायचा होता. लेकाचं काम सुटलेलं, सून पिंकी आठव्या महिन्यात. घरात पगाराचं काम म्हणाल तर एवढं एकच.

आणि मणी? बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाबाहेरच्या माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं होती. त्यांच्या पोटात फार जुन्या लोकांची थडगी आहेत म्हणून प्रेमानंद सर नावाचे प्राध्यापक खोदायला आले. गावच्या बाया मजुरीला लागल्या, त्यांत यमुताईही होती. सरांची पहिली ताकीद ही, की बाहेरची काडीसुद्धा खड्ड्यात पडता कामा नये. बायांनी माना डोलवल्या. पण बायांचाही एक नेम होता. मेलेल्याच्या घरातून काही उचललं तर बदल्यात काही ठेवून यावं, नाही तर तो मागंमागं घरी येतो. मग संध्याकाळी सरांची पाठ वळली की कोणी चिमूटभर हळद, कोणी चार तांदूळ मातीत सारून यायची. सरांचं शास्त्र सरांपाशी, आपली पोरंबाळं आपल्यापाशी!

एके दिवशी खड्ड्यात लहान पोरीची हाडं लागली. यमुताईची लेक तेव्हा तेवढ्याच वयाची. पोरीच्या वाट्याला नुसती हळद टाकायला तिचं मन होईना. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात मायनं दिलेले पाच लाल मणी होते. माय नांगरामागं चालताना शेतातून वेचून आणायची ते. ओवायला महा वाईट, सुई अर्ध्यात अडायची, दोरा थुंकी लावून वळवून घ्यावा लागायचा. त्यांतला टवका गेलेला एक यमुताईनं काढला आणि पोरीच्या गळ्याशी मातीत दाबून दिला.

दुसऱ्या दिवशी तिथंच सरांचा कुंचला फिरला आणि मणी त्या पोरीचाच म्हणून वर आला. सरांनी गावभर पेढे वाटले. यमुताईच्या वाट्याचा पेढा काही घशाखाली उतरेना. बोलावं तर सगळ्याच बायांचं काम जाणार, न बोलावं तर सरांच्या वहीत खोटं चढणार. ती गप्प राहिली. मणी डबीत गेला, डबी पेटीत गेली, आणि बावीस वर्षं झाकली मूठ झाकलेलीच राहिली. उरलेले चार मणी तिच्या गळ्यात तसेच होते. पिंकीच्या बाळाच्या बारशाला ते त्याच्या गळ्यात घालायचे, हे तिचं केव्हाचंच ठरलेलं होतं.

म्हणजे आता पंचाईत बघा. पोस्टर पाहिल्यापासून बाईचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कोणी चष्मेवाला साहेब दालनात शिरला की हिचा पोछा थांबायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. खरं तर हिनं चोरलं काही नव्हतं, उलट पदरचं दिलं होतं. पण भीतीला एवढा हिशोब कुठला कळायला! गुरुवारी राहवेना, तेव्हा तिनं फाटकावरच्या रामाजी चौकीदाराला सगळं सांगून टाकलं. रामाजीनं आधी इकडंतिकडं पाहिलं.

“आता काहून तोंड उघडून राहिली वं तू? एक तारखेले कागद होऊ दे. ठेकेदाराले कारण नको देऊ.”

बोलणं शहाणपणाचं होतं. यमुताईनं तसंच करायचं ठरवलंही. पण शुक्रवारी दुपारी मुग्धा मॅडमनी तिला काच पुसायला बोलावलं आणि सगळं बिनसलं.

मुग्धा मॅडम म्हणजे प्रदर्शनाची सगळी जबाबदारी जिच्या डोक्यावर ती पोरगी. वयानं यमुताईच्या लेकीएवढी. गेल्या वर्षी यमुताईचे गुडघे धरले आणि ठेकेदार तिला काढायला निघाला, तेव्हा हीच मधे उभी राहिली होती. काचेच्या पेटीत मखमलीवर तो मणी ठेवत मुग्धा मोठ्या हौसेनं सांगत होती, की असा मणी अशा वर्तुळात दुसरा कुठं मिळाला नाही, दिल्लीहून जाणकार येणार आहेत, आणि तिनं यावर लेख लिहिलाय, तिच्या नावानं पुस्तकात छापून येणार आहे. शेजारच्या पाटीवर ठळक अक्षरं होती. यमुताई सातवी शिकलेली, तिनं ती वाचली. ‘मृत बालिकेच्या गळ्यातील मणी.’

तिच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. सर म्हातारे झाले होते, त्यांचं काय व्हायचं ते झालं असतं. पण उद्या कोणी उकरून काढलं तर तोंडघशी ही पोरगी पडणार होती, आणि तीही हिच्या मुकाटपणामुळं. यमुताईला कागद आठवला, पिंकीचं पोट आठवलं. एक मन म्हणत होतं, गप बस बाई, आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेऊ नको. आणि तोंड मात्र उघडून बसलं होतं.

“मॅडम, हा त्या पोरीचा नोहे. हा माह्या मायचा आहे. मीच ठेवला होता तिथं.”

मग हळद, तांदूळ, बायांचा नेम, सगळं तिनं एका दमात सांगितलं. मुग्धाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. फोन घेऊन व्हरांड्यात गेली आणि प्रेमानंद सरांशी बोलत राहिली. काचेपलीकडून नुसते तिचे हलणारे ओठ दिसत होते. यमुताईनं तेवढ्या वेळात तीच काच चार वेळा पुसली. आता ठेकेदाराला फोन जाणार, आता पोलीस येणार, आता घरी जाऊन पिंकीला काय सांगायचं, असं एकामागून एक डोक्यात चालू होतं.

मुग्धा परत आली. भिंग काढलं, मणी उजेडात धरला आणि कितीतरी वेळ पाहत राहिली. शेवटी तिनं विचारलं, ओवताना सुई मधे अडायची का? अडायची, यमुताई म्हणाली. मुग्धा स्टुलावर बसली आणि हसली की रडली ते कळलं नाही. तिनं समजावून सांगितलं, की जुने कारागीर भोक दोन्ही बाजूंनी पाडत, ते मधे जरा तिरपं भेटतं, म्हणून सुई अडते. मणी खराच होता, दोन-अडीच हजार वर्षांचा. फक्त त्या पोरीचा नव्हता.

तिनं पाटी काढून फाडली. लेख परत मागवायचा, म्हणाली. पण यमुताईच्या नोकरीला धक्का लागणार नाही, उलट हे आत्ता सांगितलं म्हणून आपण वाचलो, असंही ती म्हणाली. यमुताईच्या डोळ्यांना धार लागली. तीन दिवसांत बाईनं पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला असेल.

मुग्धानं नवा कागद ओढला, पेन उघडलं. गावाचं नाव लिहिलं, शेत कोणाचं ते लिहिलं. मग तिनं वर पाहिलं.

“यमुताई, आईला एवढा एकच सापडला होता? अजून असतील तर ते इथंच यायला हवेत. ते आता कोणा एकाचे नाहीत, देशाचे आहेत.”

यमुताईचा हात पदराखाली गळ्याशी गेला. चारही मणी अंगाच्या उबेनं कोमट झालेले होते.

“नाही मॅडम,” ती म्हणाली. “एकच होता.”

तिचा आवाज जराही कापला नाही. पदर गळ्याशी घट्ट आवळून घेत तिनं फडकं उचललं आणि पुसलेली काच ती पुन्हा पुसायला लागली.