रणदिवेंच्या दरबारातला मुख्य मंत्री

हौशी नाटक बसवायला चार महिने लागतात आणि त्याचे किस्से जन्मभर पुरतात. लोक ते हसत हसत सांगतात. मला नाही जमत. सांगायला बसले की अजून कानशिलं तापतात!

सिंगापुरातल्या आमच्या मराठी ग्रुपसाठी मी एक नाटक लिहिलं. इंग्लंडचा तो लग्नांवर लग्नं करणारा ट्यूडर राजा आणि त्याचा मुख्य मंत्री. पहिल्या वाचनाला ग्रुपचे अध्यक्ष रणदिवे, बँकेतले बडे साहेब, मला म्हणाले, "वहिनी, हा मुख्य मंत्री नेमकं करतो काय?"

"सगळं! राजाला बायको सोडायचीय, कायदा हा बदलतो. मठ बंद करायचेत, हुकूम हा काढतो. वर लोकांच्या शिव्याही हाच खातो."

"आणि राजा?"

"शिकारीला जातो."

"मग मी राजा!"

*

मुख्य मंत्री झाले सावंत. मालवणचे, जहाजावरचे इंजिनिअर, सध्या इथल्या ऑफिसात. पहिल्याच तालमीला त्यांचं पाठांतर तयार! बुकित बातोक भागातल्या आमच्या इमारतीखालचा हॉल तेच बुक करायचे, खुर्च्याही तेच मांडायचे. रणदिवे तासभर उशिरा. "क्लायंट कॉल होता!"

एकदा रणदिवे असे काही गरजले की वरची चिनी आंटी तणतणत खाली आली. रणदिवेंनी सरळ सावंतांकडे बोट केलं. "ही इज इन-चार्ज!"

सावंतांनी माफी मागितली. आंटी रणदिवेंना निरखत म्हणाली, "यू शाउट, वाय ही से सॉरी?"

रणदिवे मोबाइल बघायला लागले.

*

लिटिल इंडियात पायपीट करून सावंतांनी मखमल आणली. दोघांना पुरेल एवढी. रणदिवेंनी सगळी स्वतःच्या झग्याला लावली!

मी विचारलं, "आणि सावंत काय घालणार?"

"मंत्री साधा होता ना? काळा रेनकोट घाल रे, सावंत!"

सावंत हसले. मी नाही हसले.

*

हा मंत्री लोहाराचा मुलगा. सरदार त्यावरून टोमणे मारतात, तेव्हा तो जे बोलतो ते माझ्या नाटकाचं काळीज. सावंतांचे वडील गोदीत फिटर होते. सावंत ते बोलायला लागले की तालमीत चहा गार व्हायचा.

रणदिवेंनी नेमकं तेच पान काढून टाकलं. "लोक राजाला बघायला येणार, वहिनी."

"अहो, राजा या नाटकात नुसता जेवतोय!"

"मग जेवण वाढवा!"

त्या दिवशी मी कडाकडा भांडले आणि पान परत घातलं.

*

प्रयोगाला आठ दिवस राहिले आणि एक स्पॉन्सर मिळाला. त्याच्या मेहुण्यांना अभिनयाची हौस, म्हणून आता मुख्य मंत्री तेच. सावंतांना ना फोन, ना भेट. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त एक ओळ उमटली: रणदिवेंनी सावंतांना ग्रुपमधून काढलं. इंग्लंडच्या राजाने खऱ्या मुख्य मंत्र्याला पकडायला निदान शिपाई तरी पाठवले होते!

मी सावंतांना फोन केला. "मी नाटकच मागे घेते."

"नको वहिनी. बाकीच्यांनी चार महिने घातलेत. मी लेकीला, इराला घेऊन बघायला येईन."

मी ऐकलं त्यांचं. ऐकायला नको होतं. तो राग माझा माझ्यावरच आहे.

*

प्रयोगाला हॉल गच्च भरला. मी प्रॉम्प्टिंगची वही घेऊन विंगेत. सावंत शेवटच्या रांगेत, शेजारी त्यांची तेरा वर्षांची इरा. दुसऱ्या अंकात राजा सिंहासनावरून ओरडतो, "कुठे आहे माझा मुख्य मंत्री?" आणि मंत्री आत येतो.

मेहुणे एन्ट्रीच विसरले!

रणदिवे आणखी जोरात ओरडले, "अरे, कुठे गेला माझा मुख्य मंत्री?"

शेवटच्या रांगेतून इराचा खणखणीत, अस्सल सिंगापुरी आवाज आला, "यू किक्ड हिम आउट ऑफ द ग्रुप, लाह!"

हॉल हशाने दणाणला. रणदिवेंना पुढचं वाक्य आठवेना. घाम पुसत त्यांनी विंगेत माझ्याकडे पाहिलं.

मी वही मिटली.